हेडफोनचा भोपळा फोडताना

"काय गं, भोपळा फोडून तंबोरा वाजतोय होय?"

मागच्या गल्लीतले चाचा चहाला दुकानात आले होते आणि मी एका बंद पाठीच्या हेडफोनची पाठ उघडी करायला तिला ५० मिलिमीटरचं भोक पाडत बसले होते. चाचांचा जन्म मिरजेत भोपळे कापण्यात आणि त्यांवर तबली, म्हणजे तोंडावरचं लाकडी झाकण, बसवण्यात गेला. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यावर टिचकी मारून ते सांगतात, हा मर्दानी, म्हणजे पुरुषाच्या खालच्या स्वराच्या तंबोऱ्याला जाईल की बायकी. मी म्हटलं, "वाजत नाही चाचा. वाजू नये म्हणूनच फोडतेय."

तंबोऱ्याच्या भोपळ्यानं तारेच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा असतो, त्यासाठीच तर लोक मिरजेला येतात. हेडफोनच्या वाटीनं ते करायचं नसतं, पण बंद पाठीची स्वस्तातली वाटी हटकून करते. ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे सरकला की आवाज कानाकडे जातो, आणि त्याच क्षणी तेवढाच, पण उलटा आवाज मागे वाटीत जातो. तो जाणार कुठे? मागच्या भिंतीवर आपटतो, परत येतो, आणि पडदा म्हणजे शेवटी प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिच्यातून पार होऊन किंचित उशिरा कानात शिरतो. शिवाय कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागून रेटते. वाटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ.

माझ्या हेडफोनची वाटी मी रव्यानं भरून मापली. ७० मिलिलिटर रवा बसला. आतला व्यास ७ सेंटिमीटर, खोली अडीच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो असं धरलं तर ७ सेंटिमीटरच्या आडव्या अंतरात २४५० हर्ट्झच्या आसपास आणि अडीच सेंटिमीटरच्या खोलीत ६८५० च्या आसपास आवाज घुमणार. पहिला आकडा गाणाऱ्याच्या आवाजाच्या धारेत येतो, दुसरा 'स' आणि 'श' च्या फुसकाऱ्यात. पेटीचा आवाज कपाटातून आल्यासारखा का वाटतो, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हे सगळं मी एकाच मॉडेलचे दोन हेडफोन घेऊन केलं. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, वायरवाले, सेलमध्ये चौदाशेला एक. एक फोडायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा. तुम्हालाही हेच सांगेन. कान फार लवकर सरावतो. चार दिवसांपूर्वीचा आवाज आठवून तुलना करणं म्हणजे गेल्या वर्षीच्या आमटीचं मीठ आठवण्यासारखं आहे.

कशाला हात लावायचा नाही

ब्लूटूथ हेडफोन फोडू नका. वाटीत लिथियमची बॅटरी असते, ड्रिल तिच्यात घुसलं तर पेट घेईल. बाहेरचा गोंगाट मारणारे हेडफोन तर अजिबात नाही. त्यांचे माइक आणि सर्किट बंद वाटीच्या हिशेबानं जुळवलेले असतात, पाठ उघडली की तो हिशेब कोसळतो आणि कधीकधी शिट्टीही मारायला लागतात. साधा, वायरवाला, वाटीत ड्रायव्हर आणि दोन-तीन वायरींपलीकडे काही नसलेला हेडफोन घ्या. गेला तरी झोप उडणार नाही अशा किमतीचा.

कापण्याआधी उघडून ऐका

बहुतेक हेडफोनांचे स्क्रू गादीखाली लपलेले असतात. गादीची कड एका खाचेत अडकवलेली असते. नखानं एका जागी उचला आणि हळूहळू गोल फिरत सोडवा. ओढली तर शिवण उसवते. खाली तीन-चार बारीक स्क्रू दिसतील. ते काढले की ड्रायव्हर बसवलेली प्लेट सुटते. ती झटकन उचलू नका, मागे केसासारख्या वायरी असतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बऱ्याच हेडफोनांत लाल वायर उजवी, हिरवी डावी आणि तांब्याच्या रंगाची दोघांची सामाईक असते, पण प्रत्येक कंपनी हे पाळते असं नाही, म्हणून फोटो.

आता ती उघडी प्लेट गादीसकट हातानं कानावर दाबून धरा आणि गाणं लावा. डोक्यावरची पट्टी बाजूला लोंबत राहील, राहू दे. पाठ पूर्ण उघडली तर आवाज कसा होईल याचा हा फुकटातला नमुना आहे. दुसऱ्या कानालाही तसंच धरून, एखादं नेहमीचं गाणं पूर्ण ऐका. आवडलं नाही तर चार स्क्रू परत लावा आणि विषय संपवा. दुकानात येणारी निम्मी पोरं इथंच थांबतात, आणि बरोबर करतात.

मला काय ऐकू आलं ते सांगते. मी तंबोरा लावते, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या षड्जाचा. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. तंबोरा चांगली परीक्षा घेतो, कारण त्याच्या एका छेडीत खर्जापासून जवारीच्या, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या, वरच्या झणकारापर्यंत सगळं असतं. वाटी बंद असताना चारही तारा एका गोधडीखाली होत्या. उघडल्यावर प्रत्येक छेड वेगळी झाली, जवारी उलगडली, आणि खर्ज मात्र पाय काढून घेतल्यासारखा हलका झाला. तबल्याचंही तसंच. चाटेवरचा 'ना' स्वच्छ, पण डग्ग्याची घीस पोटात जाणवेना.

बारा भोकांचा फसलेला प्रयोग

मग मी जे केलं ते करू नका. एकदम मोठं भोक पाडायची हिंमत होईना, म्हणून पाठीला ३ मिलिमीटरची बारा भोकं पाडली. वाटलं होतं, थोडं उघडलं की थोडा फायदा, थोडा तोटा. झालं भलतंच. खर्ज जवळजवळ सगळाच गेला आणि वर आवाज नाकातला झाला, सर्दी झाल्यासारखा.

कारण कळायला एक संध्याकाळ गेली. खालच्या स्वरांत हवा इतकी सावकाश आत-बाहेर करते की तिला बारा बारीक भोकंसुद्धा पुरतात, म्हणजे त्या स्वरांपुरती वाटी उघडीच झाली. वरच्या स्वरांना मात्र भोकं पुरत नाहीत, त्यांच्यासाठी पाठ अजून भिंतच आहे. आणि मधल्या पट्ट्यात भोकातली हवा आणि वाटीतली हवा मिळून बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जे होतं ते होतं. ७० मिलिलिटरची वाटी आणि अशी बारा भोकं, याचं गणित मांडलं तर घुमण्याची जागा ९०० हर्ट्झच्या आसपास येते, आणि मोजलं तेव्हा उंचवटा तिथंच होता. गाणाऱ्याचं नाक म्हणता येईल अशी जागा.

क्षेत्रफळाचा हिशेब आधीच करायला हवा होता. ३ मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर. बारांचं मिळून एक चौरस सेंटिमीटरही नाही, आणि पाठ आहे साडेअडतीस चौरस सेंटिमीटरची. साठ भोकं पाडली तरी अकरा टक्केच होतात. साठही पाडून बघितली. नाकातलेपणा कमी झाला, पण उंचवटा वर सरकून २००० कडे गेला आणि आवाज कर्कश वाटायला लागला. ५० मिलिमीटरच्या एका भोकानं पाठ निम्म्याहून किंचित जास्त उघडते. तेव्हाच आवाजातला खोका, म्हणजे खोक्यातून आल्यासारखं घुमणं, गेल्यासारखं वाटलं.

थोडक्यात, तोटा पहिल्या दहा भोकांत होतो आणि फायदा पाठ निम्मी गेल्यावर. मध्येच थांबणाऱ्याच्या पदरी तोटाच.

कापणं

हे काम पंधरा मिनिटांचं आहे, पण आधी ड्रायव्हर वाटीतून पूर्ण बाहेर काढायचा. वायरी लहान असतील तर सोल्डर काढून सुटा करा. मी पहिल्या वाटीला आळस केला, ड्रायव्हर आतच ठेवून त्यावर रुमाल दाबला. प्लॅस्टिकचा एक कीस आत गेलाच. खर्ज लागला की फर्र असा आवाज यायचा. तो ड्रायव्हर गेला तो गेलाच, आणि मोडीच्या डब्यातून दुसरा शोधायला लागला. लोखंडाचा चुरा असेल तर आणखी वाईट. ड्रायव्हरच्या मागे जोरकस लोहचुंबक असतं, ते चुरा ओढून घेतं आणि मग देवही काढू शकत नाही. टेबलावर आधी कानस चालवली असेल तर ते पुसून घ्या.

पाठीवर मास्किंग टेप लावा, मध्य काढा, होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारं दातेरी पातं, ड्रिलला लावून अगदी सावकाश फिरवा. वेग वाढवला की प्लॅस्टिक कापलं जाण्याऐवजी वितळून पात्याला चिकटतं. वाटी लाकडी ठोकळ्यावर पालथी घाला, हातात धरून ड्रिल करू नका. कडा कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं साफ करा. कापून निघालेली चकती टाकू नका, ती लागणार आहे.

वाटी धुऊन, वाळवून, मगच ड्रायव्हर परत.

कापड

भोक उघडंच ठेवलं तर दोन अडचणी. धूळ आणि केस जातात, ही छोटी. मोठी अशी की पडद्याला मागून कसलाच अडसर राहत नाही आणि तो आपल्या आवडत्या स्वरावर मोकाट हलतो. डग्गा संपल्यावरही त्याची शेपूट रेंगाळते. हवा जाऊ द्यायची, पण घासून जाऊ द्यायची. ते घासणं कापड करतं.

१९६८ साली सेनहायझर या जर्मन कंपनीनं एचडी ४१४ काढला. उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात आला तो तिथून, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा. त्यानंतरच्या बऱ्याच उघड्या हेडफोनांत ड्रायव्हरच्या मागे कागद, फेल्ट किंवा बारीक विणीचं कापड कुठे ना कुठे सापडतं. फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी५० आरपी घ्या. त्याच्या वाटीला फटी आहेत, म्हणून तो अर्धा उघडा. जगभरचे हौशी लोक वर्षानुवर्षं त्याच्यावर प्रयोग करताहेत, आणि त्यातले बरेचसे त्या फटींमागचं फेल्ट आणि वाटीतला कापूस कमीजास्त करण्याचेच आहेत.

मी आधी मच्छरदाणीची जाळी लावली. दिसायला छान, पण आवाजाला असून नसून सारखी, वीण फार मोकळी. मग शिलाईच्या पिशवीतला टू बाय टूचा तुकडा लावला, ब्लाउजचा उरलेला. एक पदर लावल्यावर शेपूट आवरली. दोन पदर लावले तर खोका परत यायला लागला. कापड पारखायची युक्ती सोपी आहे: ओठांवर ताणून धरा आणि फुंका. पलीकडच्या तळव्याला फुंकर लागली पाहिजे, पण गालांना किंचित जोर जाणवला पाहिजे. जोरच लागत नसेल तर ती जाळी, आणि गाल फुगत असतील तर ती भिंत. कापड आतून कडेनं फेविक्विकच्या चार थेंबांवर चिकटवा, आणि ते वाळेपर्यंत ड्रायव्हर लांब ठेवा, त्याची वाफ पडद्यावर नको. बाहेरून ॲल्युमिनियमची जाळी हवी तर लावा, ती शोभेची आणि बोट आत जाऊ नये म्हणून.

ड्रायव्हरच्या पाठीवर मधोमध किंवा कडेला चिकटवलेला कागद किंवा फेल्ट दिसेल. ते पॅकिंग नाही. मी एकदा पॅकिंग समजून काढलं आणि १०० हर्ट्झच्या वर असा ढोल वाजायला लागला की गणपतीची मिरवणूक बरी. आहे तसं राहू द्या.

खर्ज कुठून गळतो

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. उघड्या पाठीला खर्ज नसतो, असं लोक सरसकट म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. मागची हवेची स्प्रिंग गेली तर पडदा खालच्या स्वरांत उलट जास्त मोकळा हलायला हवा, आणि गादी कानाभोवती घट्ट बसली असेल तर खर्ज वाढायला हवा. मग जातो का?

ड्रायव्हर बसवलेली प्लेट उजेडाकडे धरून बघा. ड्रायव्हरच्या भोवती तिला बारीक भोकं असतील, कागदानं किंवा फेल्टनं झाकलेली. माझ्या प्लेटला चार होती. बंद वाटीत कानापुढची हवा त्यातून मागच्या बंद खोलीत जायची, म्हणजे घरातल्या घरात. पाठ उघडल्यावर तीच भोकं थेट रस्त्यावर उघडतात. पुढचा दाब त्यातून निसटतो, आणि पडद्याच्या मागचा उलटा आवाज त्याच वाटेनं आत येऊन पुढच्याला खोडतो. ६० हर्ट्झला माझा ७ डेसिबलचा तोटा होता.

इलाज औषधाच्या दुकानात मिळतो. मायक्रोपोर टेप, जखमेवर लावायचा, कागदासारखा. त्यातून हवा थोडी जाते, पूर्ण अडत नाही, म्हणून साधा सेलोटेप वापरू नका. चारपैकी दोन भोकांवर लावला तर ६० हर्ट्झला ४ डेसिबल परत आले. चारही झाकली तर आकड्यात खर्ज पूर्ण आला, पण १५० च्या आसपास फुगवटा धरला आणि पुरुषाचा आवाज रांजणातून यायला लागला. म्हणून दोनवर थांबले आणि चाचांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून एक अख्खं आवर्तन तंबोरा ऐकला. म्हणाले, "जवारी झकास उघडली. पण मर्दानीचा बायकी केलास." तिसऱ्या भोकावर एकच पदर लावला. त्यांनी मान डोलावली, म्हणून ते तसंच ठेवलंय. तुमच्या प्लेटला भोकं किती आणि कुठे, त्यावर तुमचं उत्तर वेगळं येईल. एका वेळी एकच भोक बदला, आणि दोन्ही बाजूंना सारखंच.

गाद्यांचाही यात हात आहे. उघडा हेडफोन म्हणून मखमलीच्या गाद्या घालायचा मोह होतो. घाम कमी येतो हे खरं, पण मखमलीतून हवा गळते आणि नुकताच जमवलेला खर्ज पुन्हा जातो. मी जुन्या रेक्झिनच्याच ठेवल्या. चष्मा असेल तर दांडीमुळे गादीखाली फट राहते, तेव्हा ऐकताना चष्मा काढून एकदा तपासा. पाठ बंद असो की उघडी, फटीनं खर्ज जातोच.

मोजायचं असेल तर

नाही मोजलं तरी चालेल. मी जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात दोनशे रुपयांचा कॉलर माइक बसवला, हेडफोन त्यावर ठेवून वर अर्धा किलोचं वजन ठेवलं आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. असल्या माइकचे सुटे आकडे खरे मानू नका. आधीचं आणि नंतरचं यातला फरक तेवढा खरा, आणि तोही वजन आणि जागा न बदलता घेतला तर. प्रत्येक वेळी तीनदा उचलून ठेवून मोजा. तीन रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर चूक हेडफोनात नाही, ठेवण्यात आहे.

शेवटी उरलेली कमतरता इक्वलायझरनं भरता येते. ८० हर्ट्झच्या खाली ३ डेसिबल वाढवले, त्यापलीकडे गेले नाही. लहान पडद्याला खर्जात जास्त राबवलं की तो फाटक्या आवाजात कुरकुरतो.

मग आवाज रुंद होतो का

उघड्या हेडफोनात सभागृह ऐकू येतं, असं वाचून लोक माझ्याकडे येतात. सभागृह येत नाही. ध्वनिमुद्रणात डावं-उजवं जितकं आहे तितकंच राहतं. वाटीचा प्रतिध्वनी जातो, त्यामुळे तबल्याच्या दोन बोलांमधली शांतता खरी शांत होते. आणि बाहेरची खोली, पंखा, आपला खोकला हे सगळं ऐकू येत राहतं, म्हणून डोकं डबक्यात बुडवल्यासारखं वाटत नाही. मेंदू या दोन्हींना मिळून जागा समजतो. मला ते पुरतं. ज्याला याहून जास्त हवं त्यानं जाड गाद्या घालून ड्रायव्हर कानापासून थोडा लांब नेऊन बघावा, माझ्या मते त्यानं पाठीच्या भोकापेक्षा जास्त फरक पडतो.

किंमतही मोजावी लागते. मिरज जंक्शनवरून गाडी निघाली की मला भोंगा गाण्यातच ऐकू येतो. आणि माझं गाणं घरभर ऐकू जातं. मुलगा दहावीला आहे, रात्री दहानंतर हा हेडफोन मला वर्ज्य आहे. बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या माणसाशेजारी याचा उपयोग नाही. आणि माइकसमोर गाणाऱ्यानं तर बंदच वापरावा, नाहीतर हेडफोनातला ठेका माइकमध्ये शिरतो आणि मग कशानंही निघत नाही.

गल्लीतल्या एका गाणाऱ्या मुलीला नेमकं दोन्ही हवं होतं, रियाजाला उघडा आणि ध्वनिमुद्रणाला बंद. तिच्यासाठी ती कापलेली चकती कामाला आली. चकतीच्या मधल्या ड्रिलच्या भोकावर आतून टेप लावला, कडेला फोमच्या पट्टीचा एक वेढा दिला, आणि ती भोकात दाबून बसते असं केलं. गायला बसताना झाकण लावते, झालं की काढते. डाव्या झाकणावर तिनं नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कारण माझी दोन्ही भोकं काही एका मापाची झाली नव्हती.